धुराची साक्ष

नैवेद्याचा स्वयंपाक चाखून पाहावयाचा नसतो. आमटींत मीठ किती घालावें हें हाताच्या सवयीवर सोपवावयाचें, आणि पानें वाढल्यावर जें कळेल तें कळून घ्यावयाचें. मोटारीच्या एंजिनांतहि पाऊण शतकाहून अधिक काळ पेट्रोल असेंच पडत होतें. एक भाग पेट्रोल पुरतें जळावयास वजनानें सुमारें 14.7 भाग हवा लागते, हें रसायनशास्त्र केव्हांच सांगून बसलें होतें. 1893 च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यानें पेट्रोलची फवारणी करणारा कार्बोरेटर सिद्ध केला, पण आंत प्रत्यक्ष काय शिजलें तें चाखून पाहणारें कोणी नव्हतें.

आमच्या वडिलांच्या प्रीमिअर पद्मिनीचें मिक्श्चर आमचे मिस्त्री कानानें लावीत. एंजिन गरम होऊं द्यावयाचें, स्क्रू पाव पाव आट्यानें फिरवावयाचा, आणि सूर सर्वांत चढा लागला कीं थांबावयाचें. "ऐका नाना, आतां गाते आहे," असें ते वडिलांस म्हणत. मुंबईस लावलेलें हें प्रमाण पुण्यास किंचित् दाट पडे आणि महाबळेश्वरास त्याहून दाट. कारण हवा विरळ झाल्याची वर्दी कार्बोरेटरला नीटशी कळत नसे. तेवढें चालून जाई. पेट्रोल थोडें वाया गेलें तर गेलें, धूर तर वाऱ्यावरच जावयाचा!

हा धूर कोठें जातो याचा विचार प्रथम लॉस एंजेलिस शहरास करावा लागला. तेथील डोळे झोंबविणारें धुकें मोटारींच्या धुरावर ऊन पडून तयार होतें, हें हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें 1950 नंतरच्या वर्षांत दाखवून दिलें. पुढें धुरांतील तिन्ही विषारी द्रव्यांचा एकदम निकाल लावणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निघाला, पण तो फार सोंवळा! हवा अंमळ जास्त झाली तर नायट्रोजनचीं ऑक्साइडें तशींच बाहेर पडतात, पेट्रोल अंमळ जास्त झालें तर कार्बन मोनॉक्साइड उरतो. म्हणजे आतां प्रमाण अचूक पाहिजे, आणि तेंहि घडोघडीं. तेव्हां 1976 सालीं स्वीडनच्या व्होल्व्होनें कॅलिफोर्नियाकरितां काढलेल्या गाड्यांत जर्मनीच्या बॉशचा ऑक्सिजन सेन्सर बसविण्यांत आला. एंजिन आपलाच धूर हुंगूं लागलें.

हें नाक मोठें मौजेचें आहे. शिंप्याच्या अंगुस्तानासारखी झिर्कोनियाची टोपी, तिला आंतून बाहेरून प्लॅटिनमचा लेप. आंतल्या अंगास स्वच्छ हवा, बाहेरच्या अंगास धूर. टोपी तीनशें अंशांच्या वर तापली कीं तिच्यांतून ऑक्सिजनचे आयन सरकूं लागतात, आणि दोन्ही अंगांच्या ऑक्सिजनमध्यें जो फरक असेल त्याप्रमाणें वीज उत्पन्न होते. धुरांत ऑक्सिजन जवळजवळ उरलाच नसेल तर सुमारें 0.9 व्होल्ट, उरला असेल तर 0.1. मधल्या अचूक प्रमाणापाशीं हा आंकडा एकदम उडी घेतो. म्हणजे साध्या सेन्सरला 'पेट्रोल जास्त' आणि 'पेट्रोल कमी' एवढेंच बोलतां येतें. किती, हें सांगतां येत नाहीं.

एवढ्या तुटपुंज्या भाषेवर नियंत्रकानें संसार चालवावयाचा असतो. 'कमी' असें ऐकूं आलें कीं तो इंजेक्टरला थोडें थोडें पेट्रोल वाढवावयास सांगतो. 'जास्त' ऐकूं आलें कीं थोडें थोडें कमी करावयास. यांत 'थोडें थोडें' हे शब्द महत्त्वाचे. गच्चीवरील सोलरचें पाणी न्हाणीघरांत यावयास वेळ लागतो. पाहुण्यास ती संवय नसते, म्हणून तो गरम नळ पुरता सोडतो, मग भाजतें म्हणून पुरता बंद करतो, आणि थंड पाण्यानें कुडकुडतो. सिलिंडरमधला धूर सेन्सरपर्यंत पोहोंचावयासहि वेळ लागतो. नियंत्रक उतावळा असला तर एंजिन असेंच कुडकुडेल. तो मंद गतीनें इकडून तिकडे झोंके घेत राहतो, आणि सरासरीनें प्रमाण बरोबर पडतें. एकाच दिशेची दुरुस्ती फार दिवस करावी लागली तर ती तो स्मरणांत ठेवतो आणि पुढला हिशेब तिच्यापासूनच सुरू करतो.

आमच्या एकत्र कुटुंबांत 2013 सालची एक लहान पेट्रोल गाडी आहे. ती हौसेची राहिलेली नाहीं. आमचे दादा आठवड्यांतून दोनदां डायलिसिसला जातात. तेथून उतरतांना त्यांना दहा पावलें टाकणें जड होतें. गेल्या पावसाळ्यानंतर ही गाडी लिटरला सोळाऐवजीं तेरा किलोमीटरहि जाईना, आणि तिच्या उग्र वासानें परतीच्या वाटेवर दादांना मळमळूं लागे. शेजारचे म्हणाले, हा इथेनॉलचा प्रताप. एका दुरुस्तिकेंद्रानें सेन्सर आणि कन्व्हर्टर दोन्ही बदलण्याचा पन्नास हजारांवरचा आंकडा लिहून दिला. घरांत बैठक झाली. "माझ्यापायीं आणखी खर्च नको, मी रिक्षानें जाईन," असें दादा म्हणाले, आणि वहिनी बोलतां बोलतां उठून आंत गेल्या.

पुतण्यानें शे-दोनशें नव्हे, हजारभर रुपये घालून एक वाचकयंत्र आणलें व मोबाइलवर नियंत्रकाचें मन वाचून दाखविलें. गाडी उभी असतां नियंत्रक नेहमीच्या हिशेबापेक्षां शेंकडा 24 पेट्रोल जास्त घालीत होता; भरधाव जातांना हा आंकडा उतरे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवा कमी, साडेतेरा भागांच्या आसपास लागते. त्यापायीं सातआठ टक्के वाढ समजूं शकते, 24 नव्हे. "काका, कोठून तरी आंत जास्त हवा शिरते आहे," असें म्हणून त्यानें दोन रविवार एंजिनाच्या हवेच्या नळ्या तपासण्यांत घालविले. कांहीं सांपडेना.

अखेर जुने मिस्त्री आले. सत्तरी उलटली आहे, गॅरेज आतां मुलगा पाहतो. त्यांनीं मोबाइलकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. प्लग काढले, चारहि कोरड्या काजळीनें माखलेले.

"हवा जास्त असती तर हा पांढुरका दिसला असता, बाळ. हें पेट्रोल जास्त आहे."

"पण आजोबा, सेन्सर तर कमी सांगतो!"

"तो खोटें बोलत नाहीं. त्याच्या नाकाशीं वारा कोण घालतो तें शोध."

दुसऱ्या दिवशीं पहांटे, एंजिन गार असतां, त्यांनीं गाडी सुरू करविली. बारीक टक् टक् ऐकूं आलें, आणि धातु तापून फुगला तसें तें दोन मिनिटांत विरलें. धुराच्या मॅनिफोल्डच्या सांध्यावर काळा ओघळ होता. एक स्टड तुटलेला, गॅस्केट फाटलेलें. धूर एकसारखा वाहत नाहीं, ठोक्या-ठोक्यानें जातो, आणि दोन ठोक्यांच्या मध्यें त्या फटींतून बाहेरची हवा आंत ओढली जाते. गाडी उभी असतां धूर थोडा, म्हणून ही भेसळ अधिक जाणवे. सेन्सर त्या हवेंतला ऑक्सिजन हुंगून 'पेट्रोल कमी' म्हणे. नियंत्रक इमानानें पेट्रोल वाढवी. आणि हवा फटींतूनच येत असल्यामुळें कितीहि वाढविलें तरी साक्ष लवकर बदलेना. जादा पेट्रोल आणि ही हवा कन्व्हर्टरमध्यें जाऊन जळत होती. तसेंच चालूं दिलें असतें तर तो खरोखरच बदलावा लागला असता.

स्टड आणि गॅस्केट बदललें. नियंत्रकास जुनें स्मरण सोडावयास तीनचार दिवस लागले. आंकडा शेंकडा 7 वर स्थिरावला. तेवढा भाग इथेनॉलचा, तो राहणारच. गाडी लिटरला पुन्हां पंधराच्या वर जाऊं लागली. मिस्त्रींनीं सामानाचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाहीं. मात्र जातांना पुतण्याला बाजूला बोलावून तो मोबाइलवरला आंकडा कसा वाचावयाचा हें दोनदां विचारून घेतलें. वहिनींनीं त्यांना डब्यांत पुरणपोळ्या दिल्या. त्या आठवड्यांत डायलिसिसहून परततांना दादांनीं कांच खालीं करावयास सांगितलें नाहीं. त्यांना वाटेंत झोंप लागली होती.