भाट्याच्या पुलापलीकडचा दस्तरख्वान

जुलैतली रत्नागिरी पाहायला पर्यटक फारसे येत नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. मिरकरवाडा बंदरात बोटी दाटीवाटीने उभ्या असतात, राजिवड्यात जाळी दुरुस्त होत असतात आणि काजळी नदीचे पाणी लाल मातीने गढूळ झालेले असते. मासळीवाचून ज्यांचे जेवण पुरे होत नाही, त्या आपल्या कोकणी मुस्लिम घरांत या दिवसांत सुके बोंबील आणि सोडे निघतात, नाहीतर गोश्त येते. पण कातळावर, परसात आणि रस्त्याच्या कडेला याच वेळी दुसरा बाजार भरलेला असतो. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, अळू!

भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागले की थोड्या अंतरावर एका मैत्रिणीचे घर आहे. तिच्या पडवीत पावसाळ्यातल्या रविवारी आम्ही बारा-पंधराजणी जमतो. कोणी शिक्षिका, कोणी अंगणवाडी सेविका, कोणी मुलांच्या अम्मी आणि शेजारच्या कुणबी वाडीतल्या दोघी-तिघी. नियम एकच आहे. त्या दिवशी गोश्त, मासळी, अंडे तर नाहीच. दूध, दही, तूप आणि मधही नाही. एकजण शिकवते, बाकीच्या हात लावतात. पैसे कोणी घेत नाही.

अशा जेवणासाठी ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झाला. तामिळनाडूत ऑरोविलजवळच्या साधना फॉरेस्टमध्ये २००३ पासून ओसाड जमिनीवर झाडे वाढवणारे स्वयंसेवक आळीपाळीने असाच स्वयंपाक करतात. कल्पना तिकडची असली तरी चव इथलीच आहे. सोलकढी, कुळथाची पिठी, ओल्या काजूगरांची उसळ, तांदळाची भाकरी यांत दूध-तूप होते तरी कधी?

शिकण्यासारखे मात्र पुष्कळ निघाले. अळूत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, म्हणून घसा खाजतो. चिंच किंवा कोकम घालून नीट शिजवले की त्रास होत नाही. भारंगीची पाने उकडून, पिळून कडूपणा काढावा लागतो. नारळाचा पातळ रस आधी घालायचा, जाड रस अगदी शेवटी, कारण जोरात उकळी आली की तो फुटतो. टाकळा कोवळा असतानाच खुडायचा, हे वाडीतल्या सत्तरीच्या आजींनी दाखवले.

पहिल्याच वर्षी एका खालाजाननी विचारले, “टीचर, अल्लाहने जे हलाल केले ते आपण का सोडायचे?” प्रश्न रास्त होता. हलालला हराम ठरवण्याचा हक्क कोणाला नाही आणि आम्ही तसे ठरवतही नाही. ईदची कुरबानी आमच्या घरी होतेच. पण प्यारे नबी (स.) भांड्यातल्या दुध्याच्या फोडी शोधून आवडीने खात, असे हदीसमध्ये येते. आपल्याकडे मात्र भाजी म्हणजे गोश्त नसल्याची लाचारी होऊन बसली आहे.

दुसरे कारण शेजाराचे. श्रावण लागला की शेजारची बरीच घरे मांसाहार सोडतात. “तुमच्याकडचे चालत नाही” हे वाक्य तेव्हा जास्त ऐकू येते, आणि हल्ली ते मुलांच्या डब्यापर्यंत पोचले आहे. या पडवीत भांड्यात काय पडते ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडते. तरीही वाडीतल्या एक काकू पहिली दोन वर्षे पाला निवडायला बसत आणि जेवणाच्या वेळी उठून जात. कोणी त्यांना काही म्हटले नाही. तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतः नारळ खवला, रस काढला, सोलकढी केली आणि आमच्या पंगतीत बसल्या. खालाजाननी त्यांच्या पानात पहिली भाकरी वाढली.

पावसात इकडे आलात तर बाजारात रानभाज्या घेऊन बसलेल्या बायांकडून एखादी जुडी जरूर घ्या आणि ती कशी करायची तेही त्यांनाच विचारा. ओळख नसलेला पाला मात्र स्वतः तोडू नका. सारख्या दिसणाऱ्या दोन वनस्पतींत एक विषारी असू शकते. आमच्या आजी आता थकल्या आहेत. म्हणून यंदा त्यांच्याबरोबर रानात आम्ही न जाता आमच्या मुलींना पाठवायचे ठरवले आहे.