सडव्याचा वास



गेल्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात मी ब्रुसेल्सची गोष्ट सांगत होतो. सांगता सांगता रंगात आलो. मागच्या रांगेतला एक पोरगा उठला नि म्हणाला, "दादा, तुम्ही बिअर चाखली म्हणता. मग बावीस प्रतिज्ञांचं काय?"

सगळे गप्प. मी काहीतरी गुळमुळीत बोललो, विषय बदलला, चहा मागवला. रात्री झोप लागली नाही. पोरगं खरं बोललं होतं. असे प्रश्न विचारणारी पोरं तयार व्हावीत म्हणून तर आपण हे वर्ग चालवतो. तेव्हा उत्तर लिहूनच देतो. पटलं तर ठीक. नाही पटलं तर पुढच्या अंकात माझी सालटी काढा.

साल २०१३. नोव्हेंबर. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला युरोपियन पार्लमेंटनं जातिभेदाविरुद्ध ठराव केला होता. त्यानंतरच्या एका बैठकीला आम्ही तिघं गेलो होतो. अंगातला कोट मागून आणलेला, बूट नवे, इंग्रजी तोडकं. दोन दिवस भाषणं झाली. तिसरा दिवस मोकळा. आमच्या यजमानीणबाई साठीच्या, कामगार चळवळीत हाडं झिजवलेल्या. म्हणाल्या, "चल, आमच्या शहराची एक जुनी गोष्ट दाखवते." मला वाटलं, एखादा राजवाडा असेल. बाईंनी ट्रामनं अँडरलेख्त नावाच्या भागात नेलं. कष्टकऱ्यांची वस्ती. बाहेरून गॅरेजसारखं दिसणारं एक दार. आत शिरलो आणि पाय जागीच थबकले.

सडव्याचा वास.

शहरात वाढलेल्या पोरांसाठी सांगतो. मोहाची वाळलेली फुलं पाण्यात भिजत घालून आठवडाभर सडवली की जे तयार होतं तो सडवा. पुढं तोच चुलीवर चढवायचा, वाफ नळीतून थंड करायची, की धार सुरू. पोलीस पंचनाम्यात 'मोहसडवा' असं लिहितात. आंबट, उबट, नाकात घुसून बसणारा वास. चाळीस वर्षं मी तो विसरायच्या खटपटीत होतो. आणि तो मला युरोपच्या राजधानीत गाठतो.

ही भट्टी १९०० सालची, नाव कँटिलॉन. १९७८ पासून तिचंच म्युझियम केलंय. भट्टी चालू, म्युझियमही चालू. लोक तिकीट काढून वास घ्यायला येतात. तिथं होणाऱ्या बिअरला लँबिक म्हणतात. जव आणि गहू शिजवून काढलेलं गोड पाणी, त्यात हॉप्स नावाची फुलं. तीही मुद्दाम जुनी, दोन-तीन वर्षं ठेवलेली. कडूपणा गेलेला, टिकवून धरायचा गुण तेवढा राहिलेला. काही तास उकळून हे पाणी माळ्यावरच्या एका तांब्याच्या उथळ, लांबरुंद हौदात सोडतात. छपराखालच्या झडपा उघड्या ठेवतात. रात्रभर थंड हवा त्यावरून फिरते. हवेतले, लाकडातले जंतू त्यात उतरतात. बाहेरून आणलेलं यीस्ट चिमूटभरही टाकत नाहीत. म्हणूनच हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत. सकाळी पाणी लाकडी पिंपांत भरायचं. मग एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं, नुसतं पडून राहू द्यायचं.

पिंपांवर कोळ्यांची जाळी लोंबत होती. मी बोट दाखवलं. पिंपांपाशी काम करणारा माणूस हसून म्हणाला, "ती काढत नाही आम्ही. फळांवरच्या माश्या कोळीच खातात."

मला माय दिसली.

आमचं गाव ब्रह्मपुरीकडचं, झाडीतलं. १९५६ च्या ऑक्टोबरात माय नवीन लग्नाची होती. नागभीडहून छोट्या रेल्वेत बसून नागपूरला गेली. चौदा तारखेला पांढरं लुगडं नेसून त्या लाखोंमध्ये उभी राहिली. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. दारू पिणार नाही, ही त्यातलीच. घरी आली आणि देव्हाऱ्यातले देव वैनगंगेत सोडून दिले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागला.

पण प्रतिज्ञा मायनं घेतली होती, पोटानं नव्हती घेतली. बापाची मजुरी रोवण्यापुरती आणि धान कापण्यापुरती. बाकीचे महिने उपास. आम्ही चार पोरं. मी शाळेत जाऊ लागलो त्या सुमारास मायनं भट्टी लावली. चैतात पहाटे उठून मोहाखालची फुलं वेचायची, वाळवायची, मडकं उकिरड्यात पुरून सडवायची. भट्टी पेटवायच्या आधी ती एक काम न चुकता करायची. फोटोवर धुतलेलं फडकं टाकायची. "बाबानं नाई पाहाव थे," म्हणायची.

तिच्याजवळ घड्याळ नव्हतं, पुस्तक नव्हतं. मडक्याला कान लावायची. आत बुडबुड चालली की म्हणायची, "अजून बोलून रायला." बोलणं थांबलं की बोट बुडवून जिभेवर टेकवायची. डोळे मिटायची. आणि लगेच थुंकायची, चूळ भरायची. मी एकदा विचारलं, "माय, तू पेतं का?" तर फाडकन थोबाडीत बसली. मग जवळ घेऊन म्हणाली, "मी पेत नाई रे बाबू. पारखते." मडकं कधी राखेनं घासायची नाही, नुसतं विसळायची. त्या मडक्यात जे मुरलेलं असायचं त्यानंच पुढचा सडवा धरायचा. ब्रुसेल्सची पिंपं आणि मायचं मडकं, कसब एकच होतं.

आणि गाव? गावात आमच्या पाण्याचा विटाळ. मायच्या हातचं पाणी कुणाला चालायचं नाही. तिच्या हातची पहिल्या धारेची मात्र सगळ्यांना चालायची. अंधार पडला की मागच्या दारानं यायचे. आमच्या गुरुजींनी मला दारापाशी वेगळं बसवलं होतं. म्हणाले, "तुझ्या अंगाला सडव्याचा वास येतो." येत असेलच. त्याच गुरुजींची बाटली संध्याकाळी मीच पोचवायचो.

मग एक दिवस धाड पडली. मडकी बुटानं फुटली. सडवा अंगणातून वाहत रस्त्यावर गेला. दारूबंदी कायदा, कलम ६५. माय एक रात्र कोठडीत. पिणाऱ्यांपैकी एकही जामिनाला उभा राहिला नाही.

हे सगळं माझ्या डोक्यात चालू आणि इकडं बाईंनी पेला पुढं केला. "ही क्रीक. चाखून बघ." मी म्हणालो, "मी पीत नाही. शपथ आहे." बाईंनी आग्रह केला नाही. त्या पिंपवाल्या माणसानं माहिती तेवढी दिली. पिंपात दीड-दोन वर्षं मुरलेल्या लँबिकमध्ये आंबट चेऱ्या टाकतात, लिटरला साधारण २०० ग्रॅम, बियांसकट. काही महिन्यांत साखर सगळी संपते. राहतो तो रंग आणि आंबटपणा.

पेल्यातला रंग अंबाडीच्या लाल बोंडांच्या सरबतासारखा. मी वास घेतला. पहिला सडव्याचा. त्याच्या मागून ओल्या लाकडाचा. त्याच्याही मागून जनावराच्या अंगासारखा काहीतरी. पिंपवाला खुशीत म्हणाला, "याला आम्ही घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा वास म्हणतो." कौतुकानं म्हणाला! ज्या जंतूमुळं हा वास येतो त्याला शहराचं नाव दिलंय, ब्रेटानोमायसिस ब्रुक्सेलेन्सिस. तिथं वासाला शहराचं नाव मिळतं. आमच्या वासाला कलमाचा नंबर.

मी एक रिकामा पेला मागून घेतला. आणि घोट तोंडात घेतला.

आंबट. जबडा आवळून धरणारा आंबटपणा, कच्च्या कवठासारखा. गोड लागेल म्हणून जीभ वाट पाहत राहते, गोड येतच नाही. मग चेरीच्या सालीची चव, मग बियांची कडवट झाक. शेवटी जांभूळ खाल्ल्यावर जीभ चरबट होते तशी ओढ. ती लाकडाची. दारू म्हणून त्यात पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पहिल्या धारेपुढं काहीच नाही. मी डोळे मिटले. तो घोट तोंडात फिरवला आणि रिकाम्या पेल्यात थुंकला. पाण्यानं चूळ भरली. माझ्या थुंकण्याचा आवाज मला ओळखीचा वाटला. मी पारखत होतो.

बाईंनी विचारलं, "कशी आहे?" मी म्हणालो, "माझ्या आईला जमली असती." त्यांना वाटलं मी विनोद केला.

पुढं २०१६ मध्ये बेल्जियमची बिअर-संस्कृती युनेस्कोनं मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातली. त्यांच्यावर माझा राग नाही. माझा हिशेब इथला आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणून वाइनवाल्यांना सवलती दिल्या. २०२२ च्या जानेवारीत तर सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय मंत्रिमंडळानं केला होता. म्हणजे बागाइतदाराचं द्राक्ष सडलं तर उद्योग आणि मायचं मोहफूल सडलं तर गुन्हा. सडणं तेच असतं. कुणाच्या दारात सडतं ते पाहून त्याला नाव पडतं.

म्हणून काय मी भट्टीचे पोवाडे गाऊ? नाही. माझा बाप दारूतच गेला, १९७४ साली, पिवळा पडून, पोट फुगून. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. कोण होती ती? झोपडपट्टीतली, मजुरी करणारी. त्याच वर्षी आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागली. ती बायकांनी मोर्चे काढून मागितली होती. सरकारनं २०२१ मध्ये ती उठवली. ज्या बाईचा नवरा पिऊन मेला तिला वारसा-बिरसा सांगायला माझी जीभ रेटणार नाही. बाबासाहेबांनी ती प्रतिज्ञा उगाच नाही दिली.

बाप गेल्यावर पुण्यानुमोदन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं उरलेली दोन मडकी उकिरड्यातून काढली आणि स्वतःच दगडावर आपटली. जमादार नव्हता, पंच नव्हते. मग फोटोवरचं फडकं काढलं. परत कधी टाकलं नाही. पुढं तिनं रोवणी केली, तेंदूपत्ता तोडला, मला वसतिगृहात घातलं. बंदीचा कायदा आमच्या घरात कितीदा तरी शिरला आणि प्रत्येक वेळी माय पुन्हा मडकं आणायची. सुटली ती तिच्या स्वतःच्या शपथेनं.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी प्यालो नाही, चाखून थुंकलो. एवढ्यानं प्रतिज्ञा मोडली असं तुला वाटलं तर तो दोष मी पत्करतो, पळवाट काढत नाही. फक्त एवढं ध्यानात घे. त्या वासाची मला चाळीस वर्षं लाज वाटत होती. ती लाज गुरुजींनी दिली होती, जमादारानं दिली होती. बाबासाहेबांनी दिलेली नव्हती. त्यांनी दिली होती ती शपथ. शपथ वेगळी आणि लाज वेगळी, हे मला त्या एका घोटानं कळलं.

परत आल्यावर मायला सगळं सांगितलं. तेव्हा पंच्याहत्तरीची होती. कान देऊन ऐकलं.

"पोलीस येत नाई काय रे तिथं?"

"नाही माय. तिकीट काढून लोक येतात."

थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "आन् थे पिंपं घासतेत का?"

"धुतात. पण लाकडात जे मुरलंय ते जाऊ देत नाहीत."

"मंग बराबर हाय," म्हणाली. आणि भट्टी बंद झाल्यापासून पहिल्यांदा, सडवा कसा धरायचा, कान कुठं लावायचा, फुलं किती वाळवायची, हे मला तासभर सांगत बसली. भिंतीवर बाबासाहेब होते. फोटोवर फडकं नव्हतं.

जयभीम.