हरळीची मुळी

आमचे आजोबा शेतकरी. ‘जमीन तयार झाली’ असे ते म्हणत, तेव्हा नांगरट होऊन ढेकळे फुटलेली असत, कुळवाच्या पाळ्या झालेल्या असत, शेणखत पसरलेले असे. पहिल्या पावसाची तेवढी वाट पाहायची! गेल्या वैशाखात हेच शब्द आमच्या घरामागच्या बागेत माझ्या कानी पडले, पण त्यांचा अर्थ अगदी उलटा झाला होता.

त्याआधीच्या श्रावणात आजी ओल्या गवतावरून घसरली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. चार महिने ती अंथरुणाला खिळून होती. ‘इथे पुन्हा चिखल नको,’ म्हणून बाबांनी प्लॅस्टिकचे गवत अंथरायचे ठरवले. त्यांच्या मायेबद्दल शंका कोण घेणार?

कारागिरांनी ४ इंच माती उपसली. हरळीच्या पांढऱ्या मुळ्या वेचून काढल्या. एक पेर मागे राहिले तरी ती पुन्हा फुटते. मग खडी, तिच्यावर दगडाची कच, पाणी मारून धुमसाने चोपणे. पाणी साचू नये म्हणून ८ फुटांना १ इंच उतार दिला. शेवटी काळे कापड पसरले. त्यातून पाणी खाली जाते, कोंब मात्र वर येत नाही. मुकादम हात झटकत म्हणाला, “झाली जमीन तयार!” जिथे आता काहीच उगवायचे नाही, ती जमीन तयार!

१९६६ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम या छप्पर असलेल्या क्रीडागारात असले गवत अंथरले गेले. खेळाडूंचे डोळे दिपू नयेत म्हणून छपराची पारदर्शक तावदाने रंगवली होती आणि उन्हावाचून खरे गवत मेले होते. आमच्याकडे उन्हाला काय तोटा? जिवंत गवत पाण्याची वाफ सोडून स्वतःला गार ठेवते. प्लॅस्टिकला ती विद्या नाही. भर दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही.

म्हणून आजी उन्हे उतरल्यावर काठी टेकत त्यावर फेऱ्या मारते. घसरत नाही. बाबा खिडकीतून पाहतात आणि निःश्वास सोडतात.

हरळी म्हणजेच दूर्वा. यंदा गणेशचतुर्थीला प्रथमच आम्ही त्या विकत आणल्या. आजी काही बोलली नाही. जुडी सोडून तिने २१ दूर्वा निवडल्या. उरल्यातले एक पेर कुंपणालगत तुळशीच्या बुंध्याशी, ओल्या मातीत खोचले. तिथून कापडाची कड जेमतेम वीतभर आहे.

हरळी जमिनीखालून कुठवर जाते, हे शेतकऱ्याच्या मुलाला कुणी सांगायला नको. बाबांनी अजून ती उपटलेली नाही.