पाच तोळे

तोळा म्हणजे किती ग्रॅम? आपल्याकडच्या सराफाला विचारा, तो म्हणेल १०. पुस्तकात बघा, ११.६६. गंमत म्हणजे दोघंही बरोबर आहेत. आणि या दीड ग्रॅमहून थोड्या जास्त फरकाने आमच्या घरात दोन बहिणींमध्ये कित्येक वर्षं एक बारीकशी अढी ठेवली होती. त्यावर येतोच, पण आधी थोडा हिशोब.

जुनं कोष्टक असं: ८ गुंजा म्हणजे १ मासा, १२ मासे म्हणजे १ तोळा. (हा मासा पाण्यातला नव्हे. संस्कृतात माष म्हणजे उडीद, त्यावरून आलेला.) गुंज म्हणजे तीच, लालभडक आणि टोकाला काळा ठिपका असलेली वेलीवरची बी. दिसायला गोड, पण विषारी. तोळ्यात ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम. आता बी ती बी, एक जरा भरलेली, एक जरा सुकलेली. त्यामुळे गावोगावचे तोळे वेगवेगळे असायचे यात नवल नाही. सोन्याचं सगळं विश्व एका रानवेलीच्या बीवर तोललेलं होतं, हे मला अजूनही फार भारी वाटतं. नाजूक तब्येतीच्या माणसाला आपण 'तोळामासा प्रकृती' म्हणतो ते उगाच नाही.

मग इंग्रज आले आणि त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे सगळं एका मापात बसवलं. १८३३ साली बंगाल इलाख्यात तोळा १८० ग्रेनचा ठरला, म्हणजे ११.६६ ग्रॅम. कंपनीचा चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. हे मात्र मला पटतं, कारण वजन प्रत्येकाच्या खिशात आलं! पारड्यात एका बाजूला रुपया ठेवला की झाला तोळा. ८० तोळ्यांचा पक्का शेर, ४० शेरांचा मण. रुपयापासून धान्याच्या पोत्यापर्यंत एकच साखळी.

ती तुटली स्वातंत्र्यानंतर. १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि ग्रॅम आले. कायद्याने तोळा १० ग्रॅमचा केला असं नाही, त्याने तो व्यवहारातूनच काढून टाकला. पण शब्द असे जातात थोडेच? भाव १० ग्रॅमचा निघू लागला आणि लोक त्यालाच तोळा म्हणू लागले. रुपयाचंही तसंच झालं. १९५० च्या सुमाराचा निकेलचा रुपया अजून तोळ्याच्या वजनाचा होता, १९६२ चा मात्र बरोबर १० ग्रॅमचा. कराचीत किंवा काठमांडूत आजही सोन्याचा भाव ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने सांगतात. जुन्या हिंदी सिनेमातला स्मगलर जे दहा तोळ्यांचं बिस्किट आणायचा तेही ११६ ग्रॅमचंच. आपल्या तोळ्याने मात्र अंग चोरलं.

असो. तर आत्या.

मोठ्या आत्याचं लग्न १९५५ चं, धाकटीचं १९७२ चं. आजोबांच्या वहीत दोघींच्या नावापुढे एकच ओळ आहे: 'पाटल्या जोड, ५ तोळे'. आजोबा काटेकोर माणूस. मुलींत फरक करायचा नाही म्हणून आकडाही तोच ठेवला. पण धाकटी आत्या पहिल्यापासून म्हणायची, "ताईच्या पाटल्या जड आहेत. नानांचा जीव तिच्यावर जास्त." सगळे हसायचे. धाकट्यांना असं वाटतंच, वगैरे. मोठीला ते लागायचं, आणि मग दिवाळीला ती पाटल्या घालायचीच नाही.

मध्यंतरी एका नातवाच्या लग्नानिमित्त दोघींचे दागिने एकाच काट्यावर चढले. मोठीच्या पाटल्या ५७ ग्रॅमच्या वर, धाकटीच्या ५० ला जरा कमी. दुकानात क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मोठीचा चेहरा तर असा झाला होता की तिनेच काही चोरलंय.

घरी येऊन मी वही उघडून दोघींसमोर गुणाकार मांडला. १९५५ चे पाच तोळे म्हणजे ५८.३ ग्रॅम, १९७२ चे पाच तोळे म्हणजे ५०. इतक्या वर्षांची झीज धरली की काट्यावरचे आकडे बरोब्बर जुळतात. आठ ग्रॅमचा फरक. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेला, त्या हिशोबाने ऐंशी हजारांहून जास्त. पण पैशांचं दोघींनाही काही नव्हतं.

मोठी आत्या वहीतली ती ओळ बोटाने पुन्हा पुन्हा वाचत होती. धाकटीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली,

"म्हणजे जड होत्याच ना?"