तात्यांचा स्टुडिओ आणि माझं माउंट

संगणक शाखेला प्रवेश घेतल्यापासून गावात माझी नवीन ओळख झाली आहे : 'कॉम्प्युटरचं पोरगं'. कुणाचा मोबाइल हँग झाला, कुणाला सातबारा काढायचा आहे, कुणाच्या टीव्हीला चॅनेल येत नाही... सगळ्यांना मीच आठवतो. आमचं गाव तिसगाव. नगरहून पाथर्डीला निघालात आणि करंजीचा घाट ओलांडला की लागतं. रंगपंचमीला मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेला कधी आला असाल, तर आमच्या स्टँडवर चहा नक्की घेतला असेल. तिथून जवळच माझ्या चुलत्यांचा, म्हणजे तात्यांचा, फोटो स्टुडिओ आहे.

तात्यांची अडचण साधी होती. काउंटरवरचा संगणक लग्नांच्या फोटोंनी भरला होता. आतल्या खोलीत जुनं एक खोकं धूळ खात पडलेलं. मी म्हटलं, "तात्या, त्याच्यात मोठी डिस्क टाकू. फोटो आतल्या मशीनवर राहतील, पण तुम्हाला काउंटरवर बसून दिसतील."

"आत बसलेलं बाहेर कसं दिसंल रे?"

आता हे जरा समजावून सांगतो. विंडोजमध्ये सी, डी असे वेगवेगळे ड्राइव्ह असतात. लिनक्समध्ये सगळं एकाच झाडाला लटकलेलं असतं. नवी डिस्क आली की तिला झाडावरच्या एखाद्या डिरेक्टरीवर जोडायचं. यालाच माउंट करणं म्हणतात. आणि ही डिस्क दुसऱ्याच मशीनमध्ये असेल तर? तर एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम. शेजारच्या घरातल्या कणगीला आपल्या भिंतीतून दार पाडावं, तसं. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने हे १९८४ मध्ये तयार केलं. या कंपनीच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म आपल्या पुण्याचा, हे कळल्यावर मला उगाचच घरचं वाटलं होतं!

दोन्हीकडे लिनक्स टाकलं. सर्व्हरवर 'एक्सपोर्ट्स' नावाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची : कोणती डिरेक्टरी, कोणत्या पत्त्याला, आणि नुसतं वाचायला की लिहायलाही. तिथे 'सिंक' हा पर्याय ठेवला. म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर उतरल्याशिवाय सर्व्हर 'पोचलं' अशी पावती देत नाही. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून हे महत्त्वाचं. क्लायंटकडून एक माउंट कमांड दिली आणि आतली डिस्क काउंटरवर दिसायला लागली. तात्या खूष!

पण फोटो टाकायला गेलो तर 'परमिशन डिनाइड'. कारण नंतर कळलं. नेहमीच्या मांडणीत एनएफएस तुमचं नाव बघत नाही, नंबर बघतं. काउंटरवर तात्यांचा युजर नंबर १००१ होता, सर्व्हरवर १०००. रूट होऊन लिहायला गेलो तरी जमेना, कारण सर्व्हर दुसऱ्याच्या रूटला 'कुणीही नाही' असं समजतो. नंबर जुळवणं हा खरा उपाय. पण मला संध्याकाळची एसटी गाठायची होती. मी दोन्ही मशीनवर दिसेल त्या डिरेक्टरीला ७७७ देऊन टाकलं, म्हणजे कुणीही या, काहीही लिहा. त्यात काउंटरवरची, जिच्यावर माउंट करायचं ती रिकामी डिरेक्टरीसुद्धा आली. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक आठवड्याने केली. लाईट जाऊन आली की काउंटरचा संगणक सर्व्हरची वाट बघत खोळंबायचा. तात्यांचा फोन आला. मी 'एफएसटॅब' फाइलमध्ये 'नोफेल' हा शब्द घालायला सांगितला. अर्थ असा, की माउंट झालं नाही तरी अडू नकोस, पुढे चल. तिसरी गोष्ट म्हणजे मोठ्या हौसेने बनवलेलं 'कार्ड खाली करा' हे बटण. दाबलं की तारखेचं फोल्डर करून फोटो कॉपी व्हायचे आणि पडद्यावर 'झाले' असं यायचं. मग तात्या कार्ड पुसायचे.

मे २०२३. ऐन लग्नसराई. एका लग्नाचं शूटिंग करून तात्या संध्याकाळी आले, तर लाईट नुकतीच जाऊन आली होती. काउंटर चालू झाला. आतलं मशीन मात्र नाही, कारण त्याच्या मदरबोर्डवरचा सेल संपला होता आणि ते 'एफ-वन दाबा' म्हणत अडून बसलं होतं. त्याला मॉनिटरच नाही, तर कुणाला दिसणार? काउंटरने थोडा वेळ वाट पाहिली आणि 'नोफेल'ची आज्ञा पाळून विषय सोडून दिला. तात्यांनी बटण दाबलं. 'झाले.' कार्ड पुसलं, दुसऱ्या दिवशी तेच कार्ड दुसऱ्या लग्नाला.

दोन दिवसांनी कुणी जुना फोटो मागितला, तर सगळंच गायब! मी होस्टेलवरून फोनवर सांगितलं, "आतल्याला मॉनिटर लावा, एफ-वन दाबा, मग काउंटर रिस्टार्ट करा." सगळं परत आलं. माझी कॉलर ताठ.

आठव्या दिवशी नवरीची आजी वारली. नवरीचे वडील स्टुडिओत आले. "आईचा नीट फोटोच नाही घरात. लग्नात काढलेला द्या, दहाव्याला लावायचाय." तात्यांनी फोल्डर शोधलं. सगळी लग्नं होती, तेवढं एकच नव्हतं.

मला दोन पेपरांच्या मध्ये सुट्टी होती. रात्रीच्या गाडीने गेलो. कार्डवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं, तर दुसऱ्याच नवरा-नवरीचे चेहरे निघाले. नवरीचे वडील बाहेर बाकावर बसून होते, एक शब्द बोलत नव्हते. तात्याही मला काही बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सहज काउंटरच्या डिस्कवर 'डीएफ' मारलं. ६१ जीबी भरलेली. 'डीयू'ने फक्त त्याच डिस्कवरच्या फाइलींची बेरीज केली, तर २९. मग ३२ जीबी कुठे? आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला! परातीत काही ठेवून तिच्यावर दुसरी भरलेली परात ठेवली, तर खालचं दिसत नाही. पण जातही नाही. त्या संध्याकाळी माउंट झालंच नव्हतं. फोटो काउंटरच्याच डिस्कवर, त्या ७७७ दिलेल्या 'रिकाम्या' डिरेक्टरीत उतरले होते. आणि दोन दिवसांनी माझ्याच सांगण्यावरून त्यावर सर्व्हरची डिस्क चढली होती.

अनमाउंट केलं. 'टार्गेट इज बिझी.' माझंच टर्मिनल त्या डिरेक्टरीत उघडं होतं. बाहेर आलो, पुन्हा कमांड दिली, यादी काढली. एकच फोल्डर. लग्नाची तारीख.

आजी सापडल्या. नऊवारी, हातात अक्षता, पदर तोंडाशी धरून हसणाऱ्या. नवरीच्या वडिलांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हाच."

मित्रांनो, एनएफएसचा यात काही दोष नाही. साधारण मांडणीत ते फार इमानी आहे. काम चालू असताना सर्व्हर बंद पडला, तर क्लायंट अर्धवट सोडत नाही, तो परत येईपर्यंत थांबून राहतो. थांबायची घाई मलाच होती. ७७७ दिलं ते घाईने, 'नोफेल' घातलं तेही घाईने, आणि बटणाने 'झाले' म्हणण्याआधी 'कुठे झाले' हे मी त्याला विचारायलाच लावलं नाही.

परत निघण्याआधी दुरुस्त्या केल्या. माउंट काढलेलं असतानाच त्या रिकाम्या डिरेक्टरीच्या सगळ्या परवानग्या काढल्या आणि 'चॅटर' कमांडने तिला कुलूप घातलं. आता माउंट नसेल तर तिथे रूटलाही लिहिता येत नाही. युजर नंबर जुळवले. बटण आधी माउंट आहे का ते बघतं. नसेल तर लाल अक्षरात सांगतं, 'आतलं मशीन बंद आहे. कार्ड पुसू नका.' मदरबोर्डला नवा सेल टाकला. दहा रुपयांच्या पुढे चार पैसे लागले असतील, तेवढ्यावरून हे रामायण!

तात्यांनीही त्यांच्या परीने दुरुस्ती केली. आतल्या मशीनवर खडूने लिहिलं : 'आधी हे. मग काउंटर.' आणि कार्ड आता आठ दिवस पुसत नाहीत, बटण काहीही म्हणो. मी विचारलं, "तात्या, माझ्या प्रोग्रॅमवर विश्वास नाही का?"

"तुझ्यावर हाय रे," तात्या म्हणाले, "लाईटीवर नाय."