गुहेचा राखणदार

पाकोळीच्या घरट्याला कुणी हात लावता कामा नये, यावर मी अनेक वर्षं ठाम होतो. त्याला कारण कोकणातलंच होतं. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात, वेंगुर्ला रॉक्सच्या खडकाळ बेटावर भारतीय पाकोळ्यांची वसाहत आहे. तिथल्या घरट्यांची तस्करी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने उजेडात आणली. तेव्हापासून कडक कायदा आणि जागता पहारा हाच संरक्षणाचा मार्ग, असं मी मानत आलो.

अंदमानचा अभ्यास वाचला आणि ही खात्री डळमळली. तिथल्या पाकोळीचं पांढरं घरटं जवळजवळ निव्वळ लाळेचं असतं. चिनी सूपसाठी त्याला भारी मोल मिळतं. कोइमतूरच्या सालिम अली केंद्राचे डॉ. रवी शंकरन यांनी 1990 च्या दशकात अंदमान-निकोबारच्या साडेतीनशेहून अधिक गुहा पालथ्या घातल्या. चोर अंडी-पिल्लांसकट घरटी खरवडून नेत होते. पक्षी पुन्हा बांधत होते, ती घरटीही जात होती. पिल्लं उडेपर्यंत टिकतच नव्हती.

बंदी होतीच, पण जंगलात आणि कड्याकपारींत विखुरलेल्या एवढ्या गुहांवर पहारा ठेवणार कोण? शंकरन यांनी ज्यांना गुहांची खडान्‌खडा माहिती होती, त्यांनाच हाताशी धरलं. वनखात्याच्या साथीने उत्तर अंदमानातल्या चालीस-एक इथे आणि इंटरव्ह्यू बेटावर घरटी काढणारेच राखणदार झाले. राखलेल्या गुहांमध्ये पाकोळ्या वाढू लागल्या.

पुढचा विचार पचवायला मला सर्वांत जड गेला. विणीच्या सुरुवातीचं, अंडी घालण्याआधीचं घरटं काढलं, तर जोडी दुसरं बांधते. त्याला पिल्लं उडेपर्यंत धक्का लावायचा नाही. मग ते रिकामं घरटंही काढता येतं. ही शिस्त पाळली, तर पिल्लं जगतात आणि माणसाला उत्पन्नही मिळतं. गुहेत पाकोळ्या असणं हेच त्याच्या हिताचं ठरतं. अशी घरटी काढता यावीत म्हणून, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत गेलेली ही पाकोळी तिथून वगळावी, यासाठी तिच्या अभ्यासकांनीच प्रयत्न केले. ती वगळलीही गेली. हे मला एके काळी अघोरी वाटलं असतं.

आज मी त्यांच्या बाजूने आहे. मात्र हे सरसकट सगळ्या प्रजातींना लागू करा, असं मी म्हणणार नाही. वेंगुर्ल्याच्या पाकोळीच्या घरट्यात लाळेबरोबर पिसं आणि काड्याही असतात, वसाहतही एका बेटापुरती आहे. तिथे घरट्याला हात न लावणंच योग्य. अंदमानातही घरटं कधी काढायचं हे विणीच्या नोंदींवरूनच ठरायला हवं, बाजारभावावरून नव्हे. शंकरन 2009 मध्ये अकाली गेले. असं काम एका माणसावर अवलंबून राहू नये, म्हणून नोंदी ठेवणारा अभ्यासक आणि गुहा राखणारा माणूस, दोघांच्याही पगाराची तरतूद वर्षानुवर्षं व्हायला हवी. दुर्गम बेटावरच्या कोणत्याही संरक्षण योजनेत मी आता आधी हीच तरतूद शोधतो.