समतल

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून घरात विद्या नव्हती, असे मात्र म्हणवत नाही. केज तालुक्यातल्या आमच्या गावी आजोबांनी बाभळीची औते, तिफणी घडवली आणि बलुत्याच्या ज्वारीवर घर चालवले. ट्रॅक्टर आले, औते गेली. अण्णा दारे-खिडक्यांकडे वळले. आता दारेही कारखान्यातून तयार येतात. तेव्हा गेल्या वर्षी आम्ही लाकूड कोरणारे लहानसे सीएनसी यंत्र घेतले. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. तीतून १ लाखाचे विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने मिळाले. ते १८ महिन्यांत फेडायचे. उरलेले पैसे आईच्या चार शेळ्यांचे.

यंत्राचा संगणक मी सांभाळतो. त्याला आधी सपाट बैठक लागते. लोखंडी सांगाड्यावर १८ मिलिमीटर जाडीचे एमडीएफ स्क्रूंनी आवळायचे. स्क्रूंची डोकी खोल बुडवायची, नाहीतर पाते त्यांवर आदळते. वर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, रुंद पाते लावायचे आणि अर्धा-अर्धा मिलिमीटर छिलत जायचे. उंचवट्यावरच्या रेघा आधी जातात, खोलगटातल्या मागे राहतात. शेवटची रेघ पुसली गेली की बैठक झाली. पाते तिरके बसले असेल तर प्रत्येक पट्ट्याच्या काठाला बोटाला पायरी लागते.

अण्णा हे सारे दारात उभे राहून मुकाट्याने पाहत होते. यंत्र आल्यापासून त्यांचा रंधा फळीवरून खाली उतरला नव्हता. रेघा गेल्यावर ते आत आले. दोन सरळ पट्ट्या त्यांनी बैठकीच्या दोन टोकांना आडव्या ठेवल्या, गुडघ्यावर बसून एक डोळा मिटला आणि म्हणाले, "पीळ हाय."

पीळ होताच. फरशी खालीवर, त्यामुळे सांगाड्याचा एक पाय अधांतरी. सांगाडा पिळला, त्याबरोबर रूळही पिळले. यंत्र आपल्या रुळांशी इमानी असते. रुळांत जो पीळ, तोच ते लाकडात उतरवते. अण्णांनी पायाखाली पत्र्याचे तुकडे सारले, पुन्हा डोळा लावला. मग आम्ही नव्याने रेघा मारल्या.

"पण अण्णा, तुमच्या पट्ट्या सरळ कशावरून?" मी विचारले. त्यांनी पट्टीने फळीवर एक रेघ ओढली, पट्टी पालथी करून तीच कड त्या रेघेला लावली. कुठेच फट दिसली नाही.

पुढे जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराविषयी वाचले. सपाट पृष्ठभाग कसा घडवावा, यावर त्यांनी १८४० साली ग्लासगोच्या विद्वत्सभेत निबंध वाचला होता. त्यांची रीत तीन लोखंडी पाट्यांची. दोनच पाट्या असतील तर एक फुगीर, दुसरी खोलगट असूनही जोडी जमते. तिन्ही आळीपाळीने एकमेकींशी जमल्या, तरच त्या सपाट. अण्णांना मी हे वाचून दाखवले. "बरोबर हाय त्या माणसाचं," ते म्हणाले.

परवा देव्हाऱ्याची दोन दारे दिली. वेलबुट्टी यंत्राने कोरली, चौकट अण्णांनी जुळवली. सात हप्ते फिटले, अकरा राहिले. पावसाळ्यात एमडीएफ ओल धरून फुगते, म्हणून बैठक पुन्हा छिलावी लागेल. पट्ट्या यंत्राशेजारच्या खुंटीला टांगल्या आहेत.